नखाएवढ्या घमेल्याला पडलेला पोचा

मी एक जुनं घमेलं आहे, असं मला सांगण्यात आलं आहे.

मित्रांनो, पहिल्याच वाक्यात अडखळलो त्याबद्दल माफ करा. पण मी जुना की नवा, याचा माझा मलाच अजून उलगडा झालेला नाही. माझ्या अंगावर गंज आहे, काठ झिजलेला आहे, एका बाजूला चांगला ठसठशीत पोचा आहे. बघणारा म्हणेल, याने तीस पावसाळे तरी पाहिले असतील. प्रत्यक्षात गंज चढला तेव्हा माझं वय चार दिवसांचं होतं आणि पावसाचा थेंब माझ्या अंगावर आजवर पडलेला नाही.

दुसरी अडचण बोलण्याची. घमेलं म्हणजे ‘ते’. त्या हिशेबाने मी ‘मी आलं’ असं म्हणायला हवं. पण तसं म्हटलं तर कुणीतरी मला सोलून किसायला घेईल. म्हणून मी आपला ‘आलो, गेलो’ असंच म्हणतो. तुम्ही सांभाळून घ्या.

आणि तिसरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुमचाही माझ्यासारखा गोंधळ होईल. मी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा आहे. माझ्यात सिमेंट कालवता येत नाही, की वाळू वाहून नेता येत नाही. मी एका छोट्या दुकानातलं छोटं घमेलं आहे. ते दुकान टेबलावर मावतं.

जिने मला घडवलं ती दातांच्या कवळ्या बनवते. तिच्या कामाच्या ठिकाणी तिला सगळे ‘दातवाल्या बाई’ म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणतो. दिवसभर ती लोकांचे दात घासून, तासून, रंग जुळवून देते, आणि सुट्टीच्या दिवशी त्याच बारीक हत्यारांनी खिडकीजवळच्या टेबलावर आपल्या बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बांधते. खरं दुकान आता नाही. चार वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा दुकानांची ती ओळच्या ओळ गेली. दुकानाचा एकच फोटो घरात आहे, आणि त्यात दुकान अर्धं आणि एका गिऱ्हाइकाची पाठ पूर्ण आली आहे. त्या पाठीमागे काय काय होतं हे बाबांना आठवतंय तोवर ते सगळं उभं करून ठेवावं, असं बाईंनी ठरवलं. खऱ्या दुकानाचा बरोबर चोविसावा हिस्सा. माझ्या आधी तिथे पेनाच्या रिकाम्या रिफिलचा हवा भरायचा पंप झाला होता, काळ्या रबराच्या कड्यांचे टायर खिळ्यांना लटकत होते, आणि भिंतीवर तांदळाच्या चार दाण्यांएवढं कॅलेंडर होतं.

माझा जन्म मलमाच्या रिकाम्या ट्यूबमधून झाला. बाबा गुडघ्याला जे मलम चोळतात त्याची ती ट्यूब. बाईंनी ती उभी चिरली, पत्रा धुतला, लाटून सपाट केला, गोल कापला आणि खोडरबरावर ठेवून गोल टोकाच्या हत्याराने दाबत दाबत त्याला खोलगट केलं. काठाला बारीक तार, तांब्याच्या तारेचे दोन कान. त्या संध्याकाळी मी मोठा देखणा होतो. चकचकीत होतो, कुठे एक सुरकुती नव्हती. मला वाटलं, झालं, आता मला मांडून ठेवतील आणि लोक वाहवा करतील.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला चिमट्यात धरलं, ओठ घट्ट मिटले आणि एक बोथट हत्यार माझ्या डाव्या अंगात खुपसून पोचा पाडला. माझं काही चुकलं असेल असं मला वाटलं. काय चुकलं असावं याचा मी पुष्कळ विचार केला. एक दिवसाच्या आयुष्यात फारसं काही सापडलं नाही.

मग मला काळा रंग दिला, त्यावर तपकिरी. ओल्या रंगावर स्वयंपाकघरातलं मीठ भुरभुरलं, त्यावर करडा रंग चढवला, आणि वाळल्यावर ताठ ब्रशने ते मीठ खरवडून काढलं. जिथे मीठ होतं तिथला करडा रंग उडाला आणि आतला तपकिरी दिसू लागला. शेवटी विटकरी खडूची पूड काठावर आणि कानांखाली चोळली. बाईंच्या कामावरची एक मैत्रीण ते बघायला आली. मला भिंगाखाली धरून ती म्हणाली की हे अगदी भंगारात टाकण्यासारखं झालंय. बाईंचा चेहरा खुलला. मैत्रिणीने मग गंज किती सुंदर, झीज किती सुरेख, असं बरंच काही म्हटलं. मित्रांनो, तुम्हाला कुणी शाबासकी देताना ‘किती छान मळलायस’ असं म्हटलं तर तुम्हाला जसं वाटेल, तसं मला वाटलं.

मात्र मी कशासाठी आहे ते मला त्या दिवशी कळलं. पंक्चर शोधताना सायकलची ट्यूब पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे कुठून येतात ते बघतात. ते पाणी ज्यात असतं ते घमेलं मी. पाणी मात्र सगळ्यात शेवटी ओतायचं होतं. तेही खरं पाणी नव्हे, पाण्यासारखं दिसणारं, रात्रभरात घट्ट होणारं औषध.

त्याआधी प्रत्येक वस्तू बाबांना दाखवायची असा नेम होता. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. खुर्चीत बसून ते भिंगातून बघत आणि चुका काढत. पंप दाराच्या उजव्या हाताला होता. नट आवळायचे पाने लहान-मोठे असे ओळीने नव्हते, हाताला येतील तसे टांगलेले असत. बाईंना या चुका ऐकायला आवडत. चूक सापडली म्हणजे बाबांना नक्की आठवतंय.

मला त्यांनी तळहातावर घेतलं, आणि त्यांनी चूक काढलीच नाही. त्यांच्या तळहाताच्या रेषांत मी किती वेळ बसून होतो कोण जाणे. शेवटी त्यांनी विचारलं, “हा पोचा कशाला पाडलास?”

“होता की, बाबा. डाव्या बाजूला. मी रोज बघत होते.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “काढून टाक तो.”

मला डबीत ठेवून बाई भांडी घासायला गेल्या आणि भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली.

त्याचं कारण मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. मैत्रिणीशी फोनवर बोलताना बाई टेबलाशीच बसत, आणि मी डबीत. बाईंना एक मोठा भाऊ आहे, त्याला त्या दादा म्हणतात. आई बाईंच्या लहानपणीच वारली होती. घरात बाबा आणि ही दोन मुलं. दादा एकोणीस वर्षांचा झाला तरी दुकानात बसायला तयार नव्हता. त्याला बोटींच्या इंजिनांचं काम शिकायचं होतं. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या. एक दिवस शाळेतून येऊन बघतात तर दुकानभर पाणी, घमेलं दाराशी उपडं, त्याला हा भला मोठा पोचा, आणि दादा घर सोडून गेलेला. शेजारचे दुकानदार आपसांत म्हणत होते की पोरगा बापाच्या दुकानाला लाथ मारून गेला. नऊ वर्षांच्या मुलीने लाथ म्हणजे लाथ असंच समजायचं. पोचा समोर होताच. ते घमेलं पुढे अठरा वर्षं त्याच दुकानात तसंच वापरलं गेलं. दोन ठोक्यांत सरळ करता आलं असतं, पण बाबांनी ते कधी केलं नाही. बाई रोज शाळेतून येत, रोज तो पोचा बघत, आणि दादाचा राग रोज नव्याने करत. पहिल्या वर्षी त्याची बाईंच्या नावे अकरा पत्रं आली. त्यांनी एकही उघडलं नाही. पुढे मोठेपणी तो दोन वर्षांतून एकदा यायचा, तासभर बसायचा, घड्याळ बघायचा आणि जायचा.

आणि आता बाबा म्हणत होते, पोचा काढून टाक. बाईंना वाटलं, अजूनही हे त्याच्यावर पांघरूण घालतायत.

तरी पुढच्या सुट्टीला त्यांनी मला आतून दाबून पुन्हा गोल केलं. रंगाला तडे गेले. पुन्हा मीठ, पुन्हा खडू. जो मार मला कधी बसलाच नव्हता त्याची खूण आधी पाडली आणि मग पुसली. मी कोणाची बाजू घ्यावी हेच मला समजेना. त्यानंतर कित्येक आठवडे टेबलाकडे कुणी फिरकलंच नाही. दुकानाच्या छपरावर खरी धूळ बसली. मी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत ‘बुधवार’ लिहिलेल्या कप्प्यात पडून होतो. वर झाकण, आत अंधार, आणि वार सतत बुधवार. विसरलेल्या वस्तूंचं आयुष्य तुम्हाला काय सांगू. दुःखापेक्षाही त्यात कंटाळाच जास्त असतो.

मग एके दिवशी बाबांनी सांगितलं की दादाला बोलाव, त्याला दुकान बघू दे. बाईंनी फोन केला, पण आवाजात ओलावा नव्हता. “बाबा बोलावतायत” एवढंच दोनदा म्हटलं.

दादा दुपारी आला. रुंद खांद्यांचा, केस पिकू लागलेला माणूस, नखांच्या कडांत काळं तेल कायमचं मुरलेलं. नदीवरच्या मोठ्या बोटींच्या इंजिनखोलीत तो काम करतो. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, जणू कुणी सांगितलं होतं की हात लावू नकोस, आणि वाकून दुकानात बघितलं. बराच वेळ त्याची मान वर झाली नाही. त्याने कॅलेंडर बघितलं, पंप बघितला, टांगलेले पाने एकेक करून मोजले. एक पाना जास्त आहे, तो शेजाऱ्याने मागून नेला होता, परत दिलाच नाही, असं तो म्हणाला आणि बाबा हसले. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार.

तेवढ्यात त्याला मी दिसलो. “याला पोचा होता ना?”

“बाबांनी काढायला लावला,” बाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी म्हणजे?”

बाईंनी खूप वर्षं जपून ठेवलेलं वाक्य एका दमात सांगितलं. तू मारलेली लाथ त्यांना रोज डोळ्यांसमोर नको असेल.

दादा सरळ उभा राहिला. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो रागावला नाही, त्याला फक्त काही उमजत नव्हतं. त्या खोलीत मला कुणी सोबती मिळाला असेल तर तो त्या क्षणी. “बारके,” तो म्हणाला, “बावीस वर्षं तुला असं वाटत होतं?”

त्याने बाबांकडे बघितलं नाही. मला आता वाटतं, मुद्दामच बघितलं नाही. सांगायचं असेल तर ते त्यांनीच सांगावं म्हणून.

बाबांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. “लाथ कुणीच मारली नव्हती. घमेलं मी भिरकावलं होतं.”

मग ते हळूहळू सांगत गेले. दादाने इंजिनांच्या शाळेचा अर्ज भरून दुकानातल्या स्टुलावर ठेवला होता. भरून द्यायचा शेवटचा दिवस तोच होता. बाबांनी सही द्यायला नकार दिला, दादाने त्यांच्यासमोर स्वतःच सही केली, आणि बाबांचं डोकं फिरलं. पायाशी पाण्याने भरलेलं घमेलं होतं, ते त्यांनी उचलून फेकलं. मुलावर नाही, कागदावर. ते दाराच्या चौकटीवर आपटलं. शाई पसरली. दादाने ओला कागद उचलला आणि गेला. लोक काय बोलत होते ते बाबांनी ऐकलं होतं. त्यांनी ते खोडून काढलं नाही. आधी लाजेपोटी, मग उशीर झाला म्हणून. तो पोचा त्यांनी ठोकून काढला नाही तो स्वतःला आठवण राहावी म्हणून. त्याच पोच्याकडे बघून आपली मुलगी दुसऱ्याच कुणाचा हिशेब करतेय, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मध्यंतरी तिने माझ्यावर तो इतका हुबेहूब पाडला, तेव्हा त्यांना वाटलं की तिला सगळं ठाऊक आहे.

“त्याचं एक वर्ष माझ्यामुळे वाया गेलं,” बाबा म्हणाले.

“कुठलं वर्ष?” दादाने विचारलं.

“अर्ज भिजला म्हणून.”

दादा पहिल्यांदाच खुर्ची ओढून बसला. त्याने सांगितलं की तो तसाच बस पकडून शाळेच्या कचेरीत गेला, वाटभर कागद खिडकीबाहेर धरून. तिथल्या कारकुनाने तो पंख्याखाली टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर शाईच्या दौती ठेवल्या आणि चहा पिऊन आला. “म्हणाला, नाव वाचता येतंय, बस झालं. मला त्याच वर्षी घेतलं, बाबा.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

मला वाटत होतं की आता कुणीतरी रडेल किंवा कुणीतरी ओरडेल. तसं काही झालं नाही. बाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि रबर लावलेला पत्रांचा गठ्ठा घेऊन आल्या. कवळीचा मसाला खरवडायच्या हत्याराने त्यांनी पहिलं पाकीट उघडलं. दादा ओशाळला, आता कशाला, अक्षर घाण आहे, असं पुटपुटला. बाई उभ्याउभ्याच वाचत होत्या. पहिल्या पत्रात त्याने लिहिलं होतं की तुझ्या शाळेच्या फाटकापर्यंत आलो होतो, पण तास चालू होता. ते वाचून त्या खाली बसल्या. अकराही पत्रं त्यांनी तिथेच, त्याच्यासमोर वाचली. दादाने त्या दिवशी घड्याळ बघितलं नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तो हात माझ्या अगदी शेजारी टेबलावर होता.

नंतर बाबांनी हत्यार मागितलं. पोचा मी पाडतो, म्हणाले, कुठे होता ते मला ठाऊक आहे. बाईंनी मला खोडरबरावर ठेवलं. बाबांचा हात आता थरथरतो. हत्यार टेकलं, सरकलं, पुन्हा टेकलं, आणि मलमाचा तो पातळ पत्रा आता तिसऱ्यांदा वाकत होता, तो फाटला. माझ्या डाव्या अंगाला पोचा पडला आणि पोच्याच्या तळाशी एक बारीक चीर.

बाबांचा चेहरा पडला. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, दुसरं करते, मलमाच्या ट्यूबा घरात काय कमी आहेत. मित्रांनो, माझं पुढे काय झालं असतं ते यावरून समजा. पण दादा म्हणाला की हेच राहू दे.

मला दुकानात दाराशी चिकटवण्यात आलं. बाईंनी ते पाण्यासारखं औषध कालवून ड्रॉपरने माझ्यात सोडलं. मी भरलो, आणि चिरेतून गळू लागलो. दुकानाच्या रंगवलेल्या फरशीवर एक ओघळ पसरत गेला. बाई फडक्याकडे झेपावल्या. दादाने त्यांचा हात धरला.

“असू दे. त्या दिवशीही तिथेच सांडलं होतं.”

सकाळपर्यंत तो ओघळ घट्ट झाला. आता तो कायमचा ओला दिसतो आणि कधीच ओला नसतो.

या गोष्टीला आठ महिने झाले. दुकान बाबांच्या खोलीत काचेखाली आहे. दादा या आठ महिन्यांत पाच वेळा आला. दोनदा तर बाबांशी त्याचं चांगलं वाजलं, एकदा राजकारणावरून आणि एकदा सायकलच्या ब्रेकवरून, आणि तरी तो जेवून गेला.

माझा गोंधळ मात्र मिटलेला नाही. माझ्या अंगावर एकाच जागी दोनदा पोचा पडला. पहिला बाईंनी पाडला तो चुकीच्या समजुतीने, आणि दुसरा बाबांनी पाडला तो खरं सांगून झाल्यावर. ती बारीक चीर सोडली तर दोन्ही दिसायला अगदी सारखेच. नुसतं बघून त्यातला फरक कसा ओळखायचा, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, दोनच विनंत्या. माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर तिला ओलं फडकं लावू नका, मऊ ब्रशने हलकेच धूळ झटका. आमचा गंज खडूचा असतो, पुसला तर जातो. आणि तुमच्या घरातल्या एखाद्या मोठ्या, खऱ्या भांड्याला पोचा दिसला, तर तो कुणी पाडला असेल हे मनाशी ठरवून बसू नका. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं समोर बसलेली आहेत तोवर त्यांना विचारा.

मला विचारून उपयोग नाही. मी त्या दिवशी तिथे नव्हतो.